झील कुणी धरायची?



गेल्या महिन्यात रविवारची वंदना आटोपली, खुर्च्या आवरून झाल्या आणि चहा होईपर्यंत आपल्या मंडळातल्या एका कुटुंबाचा सोळा वर्षांचा मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. जन्म इथला, शाळा डच, घरात मराठी आणि कानांत दिवसभर रॅप. त्याने विचारले, "काका, तुम्ही जे-झीचे एवढे चाहते. मग त्याचा सगळ्यात फसलेला अल्बम कोणता?" मी जराही न थांबता म्हणालो, "किंगडम कम." त्याने लगेच मोबाइलमध्ये पाहिले आणि मलाच कोंडीत पकडले. "पण हा तर पहिल्या क्रमांकावर होता. लाखोंनी खपला. मग फसला कसा?"

तेवढ्यात चहा आला आणि उत्तर राहून गेले. त्या आठवड्यात कामावरून हेगहून झूटरमेरला परतताना तीन क्रमांकाच्या ट्राममध्ये मी तो अल्बम पुन्हा पहिल्यापासून ऐकला. जवळजवळ तासाभराचा आहे. दोन संध्याकाळी लागल्या. त्या मुलाला द्यायचे राहून गेलेले उत्तर आज या सदरातून देतो आहे. उत्तर देताना स्वतःचीही एक गोष्ट सांगावी लागणार आहे, ती शेवटाकडे येईल.

ज्येष्ठ वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. शॉन कार्टर ऊर्फ जे-झी याचा जन्म ४ डिसेंबर १९६९ चा, न्यूयॉर्कमधला. ब्रुकलिनच्या मार्सी हाउसेस या सरकारी वसाहतीत तो वाढला. बीडीडी चाळीत किंवा समाजकल्याणच्या वसतिगृहात दिवस काढलेल्या माणसाला मार्सीचे जिने वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. नातेही जुने आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव अमेरिकेतल्या काळ्या तरुणांच्या संघटनेवरून घेतले. पुढच्याच वर्षी, ११ ऑगस्ट १९७३ रोजी, ब्रॉन्क्समधल्या एका निवासी इमारतीत डीजे कूल हर्कने वाजवलेल्या मेजवानीपासून हिप-हॉपचा जन्म मानला जातो. एकाच काळात, दोन खंडांवर, गावकुसाबाहेरच्या पोरांना आवाज सापडत होता.

१९९६ मध्ये 'रीझनेबल डाउट' या पहिल्या अल्बमने जे-झीचे नाव झाले. नोव्हेंबर २००३ मध्ये 'द ब्लॅक अल्बम' काढून त्याने आपण निवृत्त होत असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्याच्या २५ तारखेला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला. त्यावर चित्रपटही निघाला. तेव्हा त्याचे वय चौतिशीलाही पोचले नव्हते.

त्या निरोपानंतर सहा महिन्यांच्या आत, १५ मे २००४ रोजी, महाकवी वामनदादा कर्डक गेले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मुंबईत कष्ट करत प्रौढ वयात अक्षरे शिकला आणि त्यानंतर गावोगाव गातच राहिला. जाताना वय ८१. त्यांच्या निवृत्तीची घोषणा कधी झाली नाही. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की आपल्या चर्चेला एक वेगळी बाजू मिळते. तिच्याकडे पुढे येईन.

जे-झीची निवृत्ती तीन वर्षे टिकली. मधल्या काळात तो डेफ जॅम या मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीचा अध्यक्ष झाला, म्हणजे इतरांचे अल्बम काढणारा साहेब. मग २१ नोव्हेंबर २००६ रोजी 'किंगडम कम' आला. नाव घेतले होते १९९६ च्या एका चित्रकथेवरून, जिच्यात निवृत्त झालेला सुपरमॅन जग बिघडलेले पाहून परत येतो. पहिल्या आठवड्यात सुमारे ६,८०,००० प्रती खपल्या. तोवरच्या त्याच्या कोणत्याही अल्बमला पहिल्या आठवड्यात एवढा खप मिळाला नव्हता. म्हणजे त्या मुलाचे म्हणणे आकड्यांत अगदी खरे आहे.

मी हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तो इंजिनिअरिंगला असताना, वसतिगृहातल्या मित्राच्या संगणकावर. इंग्रजी निम्मेच कळत होते. प्रामाणिकपणे सांगतो, तेव्हा तो मला आवडला होता. 'शो मी व्हॉट यू गॉट'च्या चित्रफितीत वस्तीतून आलेला काळा माणूस मोनाकोच्या रस्त्यांवर वेगवान गाडीत बसलेला दिसतो, आणि कुणीही त्याला "तू इथे कसा?" असे विचारत नाही. मेसच्या बिलासाठी शिष्यवृत्तीची वाट पाहणाऱ्या पोराला ते दृश्य पुरेसे होते.

म्हणून एक टीका मी आधीच बाजूला ठेवतो. "तो श्रीमंत झाला म्हणून त्याची कला मेली," असे म्हणणारे पुष्कळ आहेत. हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही. दारिद्र्यात काही पवित्र आहे असे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले नाही. त्यांनी चांगला सूट घातला, घर भरून पुस्तके घेतली आणि आपल्यालाही नीटनेटके राहायला सांगितले. वंचिताने सुखात राहिले की त्याचे सत्त्व जाते, असे मानणाऱ्यांना त्याचे दुःख ऐकायला आवडते, एवढाच त्याचा अर्थ. वयाची टीकाही मला पटत नाही. छत्तीस हे काय वय झाले? आज माझे तेच आहे.

मग अल्बम फसला कशाने?

पहिले कारण माझ्या व्यवसायातल्या कुणालाही चटकन कळेल. एखादी जुनी प्रणाली तीन वर्षे सोडून द्यावी आणि मग एके दिवशी परत येऊन तिच्यात बदल करावा. हटकून काहीतरी मोडते. कारण आपण आपल्या आठवणीतल्या प्रणालीसाठी लिहितो आणि ती मधल्या काळात बदललेली असते. जे-झी नव्हता तेव्हा रॅप थांबले नव्हते. दक्षिणेकडच्या राज्यांतले गायक पुढे आले होते. लिल वेन स्वतःला हयात रॅपरांमधला सर्वश्रेष्ठ म्हणवत होता, अटलांटाच्या टी.आय.ने २००६ मध्येच 'किंग' नावाचा अल्बम काढला होता. जे-झी ज्या सिंहासनावर परत बसायला आला ते त्याच्यासाठी रिकामे ठेवलेले नव्हते. त्याने मात्र कान टवकारून नवे ऐकण्याऐवजी मोठमोठी नावे गोळा केली. डॉ. ड्रे, कान्ये वेस्ट, जस्ट ब्लेझ, फरेल, अशर, बियॉन्से, शेवटच्या गाण्याला कोल्डप्लेचा ख्रिस मार्टिन. पाहुण्यांची यादी भरगच्च आणि घरचा माणूस कुठे दिसत नाही, अशी गत झाली.

दुसरे कारण अधिक खोल आहे. या अल्बमचा मुख्य विषय 'मी परत आलो' हाच आहे. शीर्षकगीतात तो हिप-हॉपला वाचवायला आलेला सुपरमॅन आहे. '३० समथिंग'मध्ये तो तरुणांना सांगतो की तुमची ऐट पोरकट आहे, माझी प्रौढ आहे. 'आय मेड इट' आईला उद्देशून आहे, पण तिथे आई ऐकणारी आहे, बोलणारी नाही. ऐकणाऱ्याला यात काम काय? टाळ्या वाजवणे. जो स्वतःहून गेला तो स्वतःहून आला, याचे कौतुक आपण किती वेळ करणार?

तरीही अल्बम पूर्ण मेलेला नाही, आणि तो जिथे जिवंत आहे ती ठिकाणे पाहण्यासारखी आहेत. 'लॉस्ट वन'मध्ये तो आपल्या तरुण भाच्याच्या मृत्यूविषयी बोलतो. भाचा अपघातात गेला, आणि गाडी मामानेच भेट दिलेली. तिथे सुपरमॅन नाही. आपल्या संपत्तीनेच घरात दुःख आणले की काय, या विचाराने खचलेला एक माणूस आहे.

त्याहूनही 'मायनॉरिटी रिपोर्ट'. ऑगस्ट २००५ च्या अखेरीस कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाले. ज्यांच्याकडे गाडी होती ते शहर सोडून गेले. गरीब, बहुसंख्य काळी माणसे छपरांवर अडकली, आणि सरकारची मदत दिवसेंदिवस पोचली नाही. जे-झीने दहा लाख डॉलर देण्याचे जाहीर केले होते. या गाण्यात तो स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. पैसा दिला खरा, वेळ दिला नाही, मग खरोखर काही दिले का, अशा अर्थाची कबुली तो देतो.

ट्राममध्ये हे गाणे लागले तेव्हा पुढचे गाणे सुरू होऊ न देता मी ते पुन्हा लावले. वसतिगृहात असताना ते मी ओलांडून पुढे जात असे; त्याला ठेका नव्हता. आता त्यातले प्रत्येक वाक्य आपल्या मंडळाच्या बैठकीत कुणीतरी बोलल्यासारखे वाटले. सभागृहाच्या भाड्याची टिकी मोबाइलवर आली की आपण दोन मिनिटांत पैसे भरतो. गावाकडच्या विहाराचे छप्पर, एखाद्या मुलीची फी, पुराच्या वेळची मदत, यांत आपण मागे नसतो. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यायला सांगितले होते. तो देणारी कुटुंबे आपल्यात आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण त्याच वर्षीच्या १८ मार्चला आग्र्यात त्यांनी शिकलेल्या वर्गाविषयी जी खंत बोलून दाखवली, ती नुसत्या पैशाची नव्हती. शिकलेले लोक पाठ फिरवून आपापल्या संसारात गेले, ही ती खंत होती. मुलांना रविवारी एक तास मराठी शिकवायला कोण येईल, असे विचारले की टिकी भरणारे आपण सगळे दिनदर्शिका उघडून बसतो.

आता माझी गोष्ट.

कॉलेजात असताना मी एका गायन पार्टीत होतो. ढोलकी, हार्मोनियम, दोन गायक आणि मागे चार-पाच जण. नोकरी लागली, देश बदलला, गाणे सुटले. अकरा वर्षांनी, गेल्या भीमजयंतीला, मंडळाने आग्रह केला आणि मी स्वतः लिहिलेले गाणे म्हणायला उभा राहिलो. पाच कडवी होती. गाव सोडले ते कडवे, पहिल्या विमानप्रवासाचे कडवे, इथल्या थंडीचे, घराच्या किल्ल्या हाती आल्या त्याचे, आणि शेवटी बाबासाहेबांचे आभार. टाळ्या पडल्या. चित्रफीत सगळ्यांच्या मोबाइलवर फिरली. मी खूश होतो.

जेवताना परभणीहून लेकाकडे आलेल्या एक आजी शेजारी बसल्या होत्या. त्यांचे पती जुन्या काळी जलशात होते. त्या म्हणाल्या, "गानं चांगलं म्हनलास लेकरा. पर आमी कुठं म्हनायचं?"

मला आधी कळलेच नाही. मग त्यांनी हात हलवून दाखवले, झील कुठे आहे? मुलांसाठी सांगतो: मुख्य गायक ओळ म्हणतो, मागचे झीलकरी तिचा शेवट उचलून धरतात, आणि दोन कडव्यांनंतर समोर बसलेला सगळा जमाव झीलकरी झालेला असतो. ती झील. भीमराव कर्डकांच्या जलशापासून आपली गाणी अशीच वाढली. ज्याला अक्षर येत नव्हते तोही घरी जाताना चवदार तळ्याचा आणि काळाराम मंदिराचा इतिहास तोंडपाठ घेऊन जाई, कारण त्याने तो नुसता ऐकलेला नसे, स्वतः म्हटलेला असे. माझ्या गाण्यात दुसऱ्या कुणाला तोंड उघडायला जागाच नव्हती. विमान माझे, थंडी माझी, किल्ल्या माझ्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण दुसरे काही करायला मी त्यांना ठेवलेच नव्हते.

ते माझे 'किंगडम कम' होते. फरक इतकाच की माझे साठ लोकांनी ऐकले.

आता वामनदादांकडे परत येतो. त्यांनी निवृत्ती का घेतली नाही? सोपे, गोड उत्तर असे की चळवळीला निवृत्ती नसते. विठ्ठल उमप यांचेही उदाहरण आपण डोळे पाणावून देतो. २६ नोव्हेंबर २०१० रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, नागपुरात दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात व्यासपीठावरच ते कोसळले आणि गेले. हे मरण थोर आहे, यात शंका नाही. पण आपण जरा सावध असावे. आपल्या कितीतरी शाहिरांना निवृत्त होण्याची ऐपतच नव्हती. ना निवृत्तिवेतन, ना गाण्यांचे मानधन. उतारवयातही एसटीने प्रवास आणि मिळेल तिथे मुक्काम. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना कामाचे तास कमी व्हावेत म्हणून झटलेल्या बाबासाहेबांचे अनुयायी विश्रांतीला पाप मानू शकत नाहीत. जे-झीला चौतिशीच्या आत थांबावेसे वाटले आणि थांबता आले, यात त्याचा काहीच गुन्हा नाही. थांबणे हा हक्क आहे. परत येणे हाही हक्क आहे.

मात्र एक भेद उरतोच. वामनदादा जिथे उभे होते ते सिंहासन नव्हते, म्हणून ते सोडण्याचा किंवा परत मिळवण्याचा प्रश्न त्यांना पडला नाही. ते गेले तरी गाणी थांबली नाहीत. जयंतीच्या रात्री ती म्हणणाऱ्या कितीतरी पोरांनी त्यांना पाहिलेलेही नाही. मागे झील धरणारे असले की मुख्य गायकाला दम घेता येतो, बसता येते, जाताही येते. ज्याने सगळा आवाज स्वतःकडेच ठेवला त्याच्या मागे शांतता उरते, आणि मग ती भरायला त्यालाच परत यावे लागते.

जे-झीच्या बाजूने सांगायचे तर तो हे शिकला. २००७ च्या नोव्हेंबरात, म्हणजे वर्षाच्या आतच, 'अमेरिकन गँगस्टर' आला. रिडली स्कॉटच्या त्याच नावाच्या चित्रपटावरून त्याला आपली जुनी गल्ली पुन्हा दिसली आणि गाण्यांत माणसे परत आली. २०१३ मध्ये त्याने स्वतःच आपल्या अल्बमांची क्रमवारी लावली तेव्हा 'रीझनेबल डाउट' पहिला ठेवला आणि 'किंगडम कम' शेवटचा. पुनरागमनातला पहिलाच डाव होता, सांभाळून घ्या, अशा थाटात तो त्यावर हसलाही. ज्याच्या खपाचे आकडे आपण वर पाहिले त्याच अल्बमला त्याने स्वतः तळाशी टाकले, हे त्या मुलाच्या प्रश्नाचे सर्वांत थेट उत्तर आहे.

मग २०१७ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, '४:४४'. त्यात तो बायकोची माफी मागतो, पैशाचे चुकलेले निर्णय मोजतो, काळ्या माणसाने कितीही कमावले तरी त्याला काय ऐकावे लागते ते सांगतो. आणि 'स्माइल' या गाण्याच्या शेवटी त्याची आई, ग्लोरिया कार्टर, स्वतःच्या आवाजात बोलते. कितीतरी वर्षे झाकून ठेवलेल्या आपल्या आयुष्याविषयी. 'द ब्लॅक अल्बम'मध्येही आई बोलली होती. मधल्या त्या अल्बमात ती फक्त श्रोता होती. '४:४४' करणारा माणूस 'किंगडम कम'च्या वेळेपेक्षा वयाने मोठा होता, कितीतरी श्रीमंत होता. तरी तो ऐकावासा वाटतो, कारण यावेळी त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही होते आणि दुसऱ्यालाही बोलू देण्याइतकी जागा होती.

आपल्यापैकी अनेक जण कशातून तरी परत येत असतात. बारा वर्षे सभेला न आलेला माणूस मुलाचे लग्न ठरवायच्या वेळी येतो. कुणी गावी दहा दिवस जातो आणि भाऊबंदांना परदेशातल्या शिस्तीवर भाषण देतो. कुणी बऱ्याच वर्षांनी पेटी काढतो. या सगळ्यांचे स्वागतच आहे. उशिरा आलेल्याला दारात हिशोब विचारू नये. आलेल्याने मात्र स्वतःला विचारावे की मी काय आणले, आणि त्यात दुसऱ्यांनी म्हणण्याची ओळ कोणती?

माझ्या गाण्याची पाचातली तीन कडवी मी काढून टाकली आहेत. विमान गेले, थंडी गेली, किल्ल्या गेल्या. आजींनी परभणीला परतण्याआधी ध्रुवपदाची चाल मोबाइलवर गुणगुणून दिली आहे. ओळ अजून जुळायची आहे. तो सोळा वर्षांचा मुलगा हा लेख वाचण्याआधीच मला भेटला. मी म्हणालो, "उत्तर लिहून देतो, पण झील तू धरायची." तो दचकला. "मराठीत?" म्हणाला. मराठीतच, आणि दुसरे कडवे त्याने स्वतःच्या पद्धतीने, रॅपमध्ये म्हणायचे, असे ठरले आहे.

सरावाला रविवारी वंदनेनंतर एक तास लागेल. ज्यांना जमेल त्यांनी थांबावे. त्याची टिकी पाठवणार नाही.

जयभीम. नमो बुद्धाय.